मॉन्ट्रियलचा जाझ महोत्सव: बेत कसा आखावा आणि ऐकावं कसं

दरवर्षी थंडी ओसरायच्या सुमाराला ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "यंदा मॉन्ट्रियलच्या जाझ महोत्सवाला यायचं म्हणतोय. कोणाचं तिकीट काढू?" मी टोरांटोत राहते, या महोत्सवाला आजवर नऊ वेळा गेले आहे, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: तिकिटाचं नंतर बघू, आधी राहायची जागा पक्की करा. या महोत्सवातल्या साधारण दोन-तृतीयांश मैफली फुकट असतात, भर रस्त्यात, मोकळ्या आभाळाखाली. त्या मनापासून ऐकता आल्या पाहिजेत. तिकिटाच्या मैफली त्यावरचं तूप.

प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

तारखा, व्हिसा आणि प्रवास

महोत्सव जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपतो, दहा दिवस. सगळे दहा दिवस राहायची गरज नाही. चार रात्री कमी पडतात, सहानंतर कान थकतात. पाच रात्रींचा बेत मला सगळ्यात चांगला वाटतो, आणि त्यात निदान दोन रात्री सोमवार ते गुरुवारमधल्या असाव्यात. शनिवारी रात्री मोठ्या मंचासमोर पाय ठेवायला जागा नसते.

भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. फी १०० कॅनेडियन डॉलर, बोटांचे ठसे आणि फोटो यांचे आणखी ८५. ठसे एकदा दिले की दहा वर्षं चालतात. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीतच करून टाका. मुंबईहून येताना लंडन, पॅरिस किंवा फ्रँकफर्टला विमान बदलणं सोयीचं. अमेरिकेत बदलणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. स्वस्त तिकिटाच्या नादात हे विसरलेली माणसं मी पाहिली आहेत.

टोरांटोहून गाडीनं ५४० किलोमीटर, आगगाडीनं पाच-साडेपाच तास. मी आगगाडी निवडते. मॉन्ट्रियलमध्ये त्या दिवसांत गाडी म्हणजे गळ्यातलं लोढणं, कारण महोत्सवाच्या भागातले रस्ते वाहनांना बंद असतात. विमानतळावरून ७४७ नंबरची बस रात्रंदिवस शहरात येते.

मुक्काम

नकाशावर 'प्लास देझार' हे मेट्रो स्थानक शोधा. हिरव्या मार्गिकेवर आहे आणि महोत्सव त्याच्या अवतीभवती पसरलेला असतो. तिथून चालत वीस मिनिटांत पोचता येईल अशी खोली मिळाली तर उत्तम. मेट्रो रात्री साडेबारा-एकच्या सुमाराला थांबते आणि चांगलं संगीत बरेचदा त्यानंतर सुरू होतं, म्हणून चालत परतता येणं महत्त्वाचं.

हॉटेलं महाग असतात. मॅक्गिल विद्यापीठाची काही वसतिगृहं उन्हाळ्यात पाहुण्यांना भाड्यानं मिळतात. खोल्या साध्या, पण चालत अंतरावर. माझे पहिले तीन मुक्काम तिथेच झाले.

एक खास मॉन्ट्रियलची अडचण. क्वेबेक प्रांतातले बहुतेक भाडेकरार ३० जूनला संपतात, त्यामुळे १ जुलैला निम्मं शहर घर बदलत असतं. फुटपाथवर सोफे, गाद्या, फ्रीज, जागोजागी ट्रक. शिवाय त्याच दिवशी कॅनडा डेची सुट्टी. त्या दिवशी येणं किंवा निघणं शक्यतो टाळा.

तिकिटं: कोणाचं यापेक्षा कुठलं

मोठी नावं हिवाळ्यापासून टप्प्याटप्प्यानं जाहीर होतात. फुकट मैफलींचा पूर्ण कार्यक्रम त्यानंतर, महोत्सव जवळ आल्यावर येतो. म्हणून फेब्रुवारीत घाईनं पाच तिकिटं काढू नका. दोन काढा, बाकी थांबा.

तिकीट काढताना मी कलाकाराच्या नावाइतकंच सभागृहाचं नाव बघते. सेंट कॅथरिन आणि ब्लेरी रस्त्यांच्या जवळ जेझू नावाचं चर्च आहे, १८६५ सालचं. त्याच्या तळघरात चारशेच्या आसपास खुर्च्यांचं एक अर्धवर्तुळाकार प्रेक्षागृह आहे. जाझ चौकडी ऐकायला मला शहरात याहून चांगली जागा माहीत नाही. पुढच्या तीन रांगांत बसलात तर डबल बासचं, म्हणजे उभं धरून वाजवायच्या त्या उंच, खर्जातल्या तंतुवाद्याचं, लाकूड ऐकू येतं, नुसती तार नव्हे. एका वर्षी मी दुसऱ्या रांगेत होते. बासवाला तार वरून छेडत नव्हता, तर्जनी आडवी टेकवून अख्ख्या पेराची बाजू तारेवरून ओढत होता. प्रत्येक स्वराच्या आधी कातडीचा एक बारीक खरखरीत आवाज. ड्रमरच्या डाव्या हातात तारांचा ब्रश होता आणि सुपात तांदूळ घोळवावेत तसा तो ड्रमच्या कातड्यावर गोल गोल फिरवत होता. हे तीन हजार लोकांच्या सभागृहात मिळत नाही.

तीन हजारांचं सभागृह म्हणजे वीलफ्रीद-पेल्तिये, प्लास देझार या सभागृहांच्या संकुलातलं सगळ्यात मोठं. ज्यांचं नाव ऐकूनच लोक येतात ते कलाकार तिथे असतात. शेजारचं मेझों सँफोनिक २०११ साली उघडलं. ते सिंफनी वाद्यवृंदासाठी बांधलेलं असल्यानं नुसता पियानो किंवा पियानो-बास तिथे अप्रतिम वाजतो, पण जोरदार ड्रम असलेला संच घुमतो असा माझा अनुभव. एम-टेलस आणि क्लब सोडा इथे बहुधा उभं राहून ऐकायचं असतं, गर्दी तरुण, आवाज मोठा. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर तिकिटावर बसायची जागा आहे ना, ते आधी वाचा.

दिवसाला एकच तिकीट, हा माझा पक्का नियम. तिसऱ्या वर्षी मी एका संध्याकाळची तीन काढली होती, सहा, आठ आणि साडेदहाची. पहिली मैफल लांबली, शेवटचा पियानो सोडून पळाले, दुसरीत उशिरा शिरले म्हणून दारातच थांबवलं. त्या रात्रीचं आज काहीही आठवत नाही.

एखाद्या कलाकाराला सलग काही संध्याकाळी रोज वेगळ्या साथीदारांसोबत वाजवायला बोलवायची पद्धत या महोत्सवात १९८९ सालापासून आहे. पहिला मान बासवादक चार्ली हेडनचा. आठ रात्री, आठ वेगवेगळे संच, कधी पियानोवादक पॉल ब्ले तर कधी सॅक्सोफोनवादक जो हेंडरसन, आणि त्यांतल्या बऱ्याच रात्रींची ध्वनिमुद्रणं पुढे प्रसिद्ध झाली. अशी मालिका यंदा कुणाची आहे का, ते आवर्जून बघा. त्यातल्या लागोपाठच्या दोन रात्री ऐकल्या की तोच माणूस साथ बदलल्यावर कसा बदलतो ते समजतं.

कार्यक्रमपत्रिका कशी वाचावी

"यात जाझ कुठंय?" अशी तक्रार दरवर्षी कानावर येते. तक्रार पूर्ण चुकीची नाही. १९८० साली सेंट-हेलेन बेटावर पहिला महोत्सव झाला तेव्हा मंचावर रे चार्ल्स होते, आणि चिक कोरिया व गॅरी बर्टन यांची पियानो-व्हायब्राफोनची जोडीही होती. म्हणजे लोकप्रिय गाणं आणि निखळ जाझ, दोन्ही पहिल्या दिवसापासून एका ताटात. पुढे महोत्सव सेंट डेनी रस्त्यावर आला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्लास देझारच्या आवारात स्थिरावला. २००४ साली जगातला सगळ्यात मोठा जाझ महोत्सव म्हणून गिनीजनं त्याची नोंद केली. एवढ्या पसाऱ्यात सोल, हिपहॉप, ब्लूज, पॉप सगळं येणारच. रात्री साडेनऊला मोठ्या मंचावर जे होतं त्यावरून महोत्सवाची पारख करू नका.

निखळ जाझ दुपारी आणि संध्याकाळी, लहान मंचांवर आणि क्लबांत असतं. पत्रिकेत मी आधी स्थानिक नावं शोधते. सॅक्सोफोनवादक आणि संगीतरचनाकार क्रिस्टीन जेन्सन, पियानोवादक जाँ-मिशेल पिल्क आणि लोरेन देमारे, गायिका रानी ली. आणि दोमिनिक फिल्स-एमे, जिच्या आवाजात ब्लूज आणि सोलचा सगळा इतिहास उतरतो. यांपैकी कुणी त्या वर्षी वाजवत-गात असेल तर सोडू नका. मॅक्गिल आणि काँकॉर्डिया विद्यापीठांतून शिकून निघालेली मुलंही छोट्या मंचांवर असतात. नाव माहीत नसलेला संच निवडायचा असेल तर वाद्यं वाचा. तीन किंवा चार वादक, त्यात डबल बास असेल, तर बिनधास्त जा.

ऐकायचं कसं

खरं सांगायचं तर या एका भागासाठी मी लिहायला बसले. आपल्याकडची कितीतरी माणसं "आम्हाला जाझ कळत नाही" म्हणून मागे सरतात. ज्यांनी चार वर्षं सवाई गंधर्वला सतरंजीवर बसून ख्याल ऐकला आहे, त्यांना जाझ निम्मं आधीच येतं. आणि पितळी वाद्यं म्हणाल तर ती आपल्या कानांना जुनीच आहेत. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांनी मिळून ती हिंदी गाण्यांत रुजवली त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. १९७८ पासून मुंबईत रंगभवनला 'जाझ यात्रा' भरायची. शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू तालवादक म्हणून जगभरच्या जाझ मंचांवर वाजवतात.

तर पहिली पायरी: सुरुवातीची धून लक्षात ठेवा. सगळा संच मिळून ती एकदा-दोनदा वाजवतो. ही बंदिश. मग एकेक वादक तिच्या सांगाड्यावर विस्तार करतो, आणि शेवटी सगळे पुन्हा धुनेवर येतात. आपल्याकडे मुखडा सतत परत येतो, इथे तो मधल्या काळात अजिबात वाजत नाही. वाजत नसला तरी त्याचं आवर्तन आतून चालू असतं, आणि तेच मोजायचं.

दुसरी पायरी: आवर्तन मोजा. सगळ्यात सोपं बारा घरांचं, ब्लूजचं. एका घरात चार मात्रा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस. पहिली चार घरं षड्जावर. पाचव्या-सहाव्यात बासचा पाया मध्यमावर सरकतो, सातव्या-आठव्यात षड्जावर परत. नववं घर पंचमावर, दहावं मध्यमावर, आणि अकरा-बारात घरी. वादक यात पुष्कळ भर घालतात पण हा सांगाडा टिकतो. दुसरा नेहमीचा प्रकार बत्तीस घरांचा: आठ घरांची ओळ, तीच पुन्हा, मग आठ घरांचा वेगळा भाग, आणि परत पहिली ओळ. अस्थायी, अस्थायी, अंतरा, अस्थायी असं समजा.

आपल्याला खरा नवा भाग इथेच आहे. तंबोरा षड्ज कधी सोडत नाही, गाणारा कुठेही गेला तरी जमीन तीच. जाझमध्ये वादकाच्या पायाखालची जमीनच हलत असते आणि हलत्या जमिनीवर त्याला सुरेल राहायचं असतं. म्हणून तिसरी पायरी: पहिली दहा मिनिटं फक्त बास ऐका. सॅक्सोफोन कितीही ओढून घेत असला तरी बास. जमीन कुठे सरकते ते तोच सांगतो.

चार वर्षांपूर्वी आई आली होती, वय एकाहत्तर, सवाईची जुनी श्रोती. संध्याकाळी पाचच्या उन्हात एका लहान मंचासमोर आम्ही कठड्यावर बसलो होतो. चौघं जण ब्लूज वाजवत होते. थोड्या वेळानं आई म्हणाली, "अगं, हे परत परत तिथंच येतायत."

"बारा घरं आहेत आई. मोज."

तिनं पर्स माझ्याकडे दिली आणि मांडीवर हात ठेवला. पहिल्या फेरीत चुकली, दुसरीतही. तिसऱ्या फेरीला तिची तर्जनी पेरांवरून सरकत बाराव्या घरापर्यंत आली, तळवा उघडला, मांडीवर पडला, आणि नेमका त्याच क्षणी ड्रमरनं झांजेवर घाव घातला. आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढची पाऊणएक तास तिचा हात थांबला नाही.

चौथी पायरी, दाद. एकाचा विस्तार संपला की लोक टाळ्या वाजवतात, संगीत चालू असतानाच. लाजू नका. आपली "क्या बात है" सुद्धा चालते, लहान जागेत तर वादक मान वर करून बघतात. ठेका धरायचा असेल तर टाळी पहिल्या मात्रेवर नको, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपला हात सवयीनं समेवर जातो, पहिल्या दिवशी जड जाईल. शेवटाकडे ड्रमर आणि बाकीचे चार-चार घरं आलटून पालटून वाजवू लागले की ती सवाल-जवाबाची जागा. तिथे मोजणं सोडू नका, सगळी मजा मोजण्यात आहे.

दिवस कसा घालवावा

सकाळ मोकळी ठेवा, झोपा. दुपारी तीन-चारच्या सुमाराला आवारात या, एक चक्कर मारून मंच कुठे आहेत, सावली कुठे आहे, स्वच्छतागृहं कुठे आहेत ते बघून घ्या. एका मंचासमोर किमान एक अख्खी मैफल उभे राहा. दहा-दहा मिनिटांत मंच बदलणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. संध्याकाळी तिकिटाची मैफल. रात्री साडेनऊची मोठी फुकट मैफल हवी असेल तर तासभर आधी जागा धरा, नसेल तर प्लास दे फेस्तिवाल या चौकातल्या कारंज्यांच्या टोकाला थांबा, तिथे आवाज छान येतो आणि मुलं पाण्यात खेळू शकतात.

खाण्याचं थोडक्यात. शाकाहारी असाल तर पुतीन, म्हणजे बटाट्याच्या फोडी, चीज आणि वर ओतलेला रस्सा, विचारूनच घ्या, कारण तो रस्सा बहुधा मांसाचा असतो. "सोस वेजेतारियेन?" एवढं फ्रेंच पुरतं. शेजारीच चायनाटाउन आहे. थाळी-डोशाची फारच आठवण झाली तर निळ्या मार्गिकेवर 'पार्क' स्थानकाला उतरून पार्क एक्स्टेन्शनमध्ये जा. मेन्यूवरच्या किमतीवर सुमारे १५ टक्के कर आणि शिवाय १५ टक्के टिप धरा.

ऊन कडक असतं, सूर्य पावणेनऊपर्यंत मावळत नाही, आणि वळवासारखा पाऊस अचानक येतो. छत्री नको, मागच्यांना दिसत नाही. घडीचा रेनकोट ठेवा. विजा चमकू लागल्या तर बाहेरच्या मैफली थांबवतात, पण लगेच हॉटेल गाठू नका. पाऊस थांबल्यावर अर्धी गर्दी गेलेली असते आणि वादक खुशीत असतात. पायाला सरावलेले बूट घाला, कोरे नकोत. कानात घालायचे बोळे बरोबर असू द्या, लहान मुलांना तर हवेतच.

रात्री उशिरा

मॅके रस्त्यावर 'अपस्टेअर्स' नावाचा क्लब आहे. नाव वरच्या मजल्याचं, पाटी उलटी लावलेली, आणि जायचं पायऱ्या उतरून खाली. महोत्सवाच्या दिवसांत आधी टेबल राखून ठेवा. सेंट डेनीवरचा 'दिएझ ओंझ' याच जातीचा. अशा जागी वादन चालू असताना बोलायचं नाही, खाण्यापिण्याची मागणीही दोन धुनांच्या मध्येच द्यायची. दारू घ्यायलाच हवी असं नाही, मी वर्षानुवर्षं लिंबू-सोडा घेऊन बसते. मध्यरात्रीनंतर दुसऱ्या मैफलीतले वादक वाद्यं पाठीला लावून आत शिरताना दिसले तर उठू नका.

निघायच्या दिवशी सकाळी

सामान गॅर सेंट्राल या मुख्य रेल्वे स्टेशनात ठेवायची सोय होते का बघा, नाहीतर हॉटेलात ठेवा, आणि लिटल बर्गंडीत जा. जॉर्ज-वानिये मेट्रोपासून चालत थोडंसं. आगगाड्यांवर हमाली आणि डब्यांतली सेवा करणारी कृष्णवर्णीय कुटुंबं इथे राहायची. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, क्वेबेकमध्ये दारू राजरोस मिळायची, त्यामुळे वादक आणि त्यांचे ऐकणारे दोघंही सीमा ओलांडून इथे आले. रेल्वेत पोर्टर असलेल्या रूफस रॉकहेडनं १९२८ साली इथेच आपला 'रॉकहेड्स पॅरडाइज' क्लब उघडला.

१९२५ साली याच वस्तीत जाझ पियानोवादक ऑस्कर पीटरसन जन्मला. वडील कॅनेडियन पॅसिफिकवर पोर्टर. मोठी बहीण डेझी घरोघरच्या मुलांना पियानो शिकवायची, धाकट्या भावालाही तिनं शिकवलं, आणि पुढे नावाजलेला पियानोवादक ऑलिव्हर जोन्सही तिचाच विद्यार्थी. सेंट जाक आणि सेन्यर रस्त्यांच्या कोपऱ्यावर एका इमारतीची अख्खी भिंत पीटरसनच्या चित्रानं भरलेली आहे. सकाळी तिथे कुणी नसतं. समोरच्या फुटपाथवर उभं राहून कानात त्याचं एखादं वादन लावा, बास ऐकत. पुढे स्टेशनपर्यंत चालत पाऊण तासाच्या आत पोचता येतं. आईनं त्या वर्षी तेवढ्या वाटेत मला दोनदा थांबवलं, कारण तिची मोजणी चुकत होती.